पोर्चमधलं इंजन

आम्ही कॅनडाला निघालो तेव्हा कोल्हापूर स्टेशनात निरोपाला आलेल्या माणसांत न रडणारी बाई एकच, माझी सासू. बाकीच्यांनी नुसता आकांत मांडला होता. माझी आई तर अशी रडत होती, की शेजारच्या डब्यातली माणसं खिडकीतून माना बाहेर काढून कोण गेलं म्हणून विचारायला लागली. आणि आत्ती कुठं होती? आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. तर आत्ती पार पुढं, गाडीच्या इंजनापाशी जाऊन उभी. डोक्यावर पदर, हातात आमच्यासाठी आणलेली चटणीची बरणी तशीच. वाफेचं इंजन होतं ते. तिनं खालूनच ड्रायव्हरला हाक मारली.

"ओ पावणं, रातचं ह्येला इझवतासा का जागं ठेवतासा?"

ड्रायव्हर हसला. "जागंच ठेवतोय मावशी. इझवलं तर सकाळी तापायला निम्मा दीस जाईल."

"बरं करतासा," आत्ती म्हणाली आणि समाधानानं परत आली. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "आई, गाडी सुटाय लागलीया आणि तू तिकडं काय करतीस?" तर म्हणते, "बगून आले. इंजन चांगलं हाय, ड्रायव्हरबी शाणा हाय. जावा आता बिनघोर." बरणी माझ्या मांडीवर ठेवली, ह्यांच्या गालावरून हात फिरवला आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवून चालायला लागली. जाणारी गाडी तिला बघायची नव्हती, एवढं मला तेव्हाही कळलं.

हे मी लिहिते आहे ते दोन्हीकडच्या माणसांसाठी. जी गारगोटीत, हातकणंगल्यात, कोल्हापुरात राहिली त्यांच्यासाठी, आणि जी माझ्यासारखी बॅगा उचलून निघाली त्यांच्यासाठीही. निघालेल्यांनो, तुम्हाला बर्फाचं कौतुक सांगायला नको. राहिलेल्यांनो, तुम्ही मात्र मला दर खेपेला तेच विचारता. बळवंतराव गेले, मग तू परत का नाही आलीस? एकटी बाई त्या गारठ्यात करतेस काय? आजवर मी टोलवाटोलवी केली. आता सांगून टाकते.

मी परत आले होते. ह्यांच्या अस्थी घेऊन आले होते आणि कायमची म्हणून आले होते. येताना विमानात, रेल्वेत, एस्टीत, सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की आत्तीला सांगायचं काय. एकुलता एक मुलगा कसा गेला, हे ती विचारणारच. खोटं सांगितलं तर तिचं काळीज फाटणार आणि खरं सांगितलं तर त्याहून जास्त. असं का, ते कळायला आधी आत्ती माहीत पाहिजे.

आत्तीचं गाव गारगोटीच्या अलीकडं, वेदगंगेच्या काठाला. नवरा लवकर गेला. पदरात एक पोरगा आणि थोडा ऊस. हिनं भावकीला तोंडावर सांगितलं, गुऱ्हाळ मी चालवणार. आणि चालवलं. ऊस पिळायचा चरक डिझेल इंजनावर फिरायचा. इंजन कोल्हापुरातच, उद्यमनगरात घडलेलं, चाकांच्या गाड्यावर बसवलेलं, बैल जुंपून कुठंही न्यावं असं. ते इंजन म्हणजे आत्तीच्या घरातलं एक जित्राबच. खंडेनवमीला त्याला न्हाऊ घालायची, हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. नैवेद्य म्हशीला आणि इंजनाला सारखाच.

गुऱ्हाळ थंडीतलं काम. नदीकाठचा गारठा, पहाटेचं धुकं. इंजनातलं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि हँडल मारून मारून गड्यांचे दंड भरून यायचे. मग आत्ती रस आटवायच्या चुलवाणातले निखारे घमेल्यात घेऊन यायची, घमेलं इंजनाच्या पोटाखाली सरकवायची, वरून पोती पांघरायची आणि टाकीत कडत पाणी ओतायची. "आता दम खावा जरा," गड्यांना म्हणायची. "निजल्याल्या माणसाला असं गदागदा हलवत्यात व्हय?" थोड्या वेळानं हँडलला हिसका दिला, की फट् फट् फट् करत गडी जागा. हे मी लग्न होऊन आले त्याच थंडीत बघितलं आणि मला हसू आवरेना. आत्ती म्हणाली, "हास. गूळ खाताना हासू नगंस म्हंजे झालं."

पावसाळ्यात इंजन घरी, पुढच्या सोप्यात. एका अंगाला म्हैस, दुसऱ्या अंगाला इंजन. मी हातकणंगल्याच्या मास्तरांची मुलगी, आमच्या घरात शिलाईच्या मशीनशिवाय काही वाजत नव्हतं. मला ते झेपेचना. बाहेर धो धो पाऊस आणि सोप्यात वैरण कापायचं कटर त्या इंजनावर चाललेलं, घरभर धूर. म्हैस आपली रवंथ करते आहे आणि आत्ती चुलीपुढं भाकरी थापते आहे. धूर कौलांच्या फटींतून, झरोक्यातून, उघड्या दारातून निघून जायचा. कधी कुणाचं साधं डोकं दुखल्याचंही मला आठवत नाही. एकदा मी म्हटलं, आत्ती, हे बाहेर छपरात नेऊ या की. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घरातल्या माणसालाच उंबऱ्याबाहेर काढायला निघाले होते. "मुकं हाय म्हणून भाईर ठेवायचं व्हय?" एवढंच बोलली. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

हे त्याच सोप्यात वाढले. आयटीआय केलं आणि उद्यमनगरात नवी इंजनं चालवून तपासायच्या कामाला लागले. आम्ही कोल्हापुरात खोली घेतली. एका ओळखीच्या माणसाकडून कॅनडातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपची नोकरी चालून आली, ती सत्तरीच्या दशकात. तिकडं हातात कसब असलेली माणसं हवी होती. मला वाटलं आत्ती मोडता घालणार. ती म्हणाली, "जा. पर इंजनाचंच काम कर. दुसऱ्या कशात शिरू नगंस." आणि गेलो.

आमचं गाव सस्कॅचवानमधलं. गाव म्हणजे एक रस्ता, धान्याची उंच कोठारं, एक छोटं हॉस्पिटल आणि सगळीकडं सपाट रान. डोंगर म्हणून औषधाला नाही. पहिल्या हिवाळ्यात पारा उणे चाळीसला गेला तेव्हा मी दारातून नाक बाहेर काढलं आणि नाकातले केस कडक झाले. मी घाबरून दार लावलं आणि ह्यांना म्हटलं, हे काही माणसांनी राहायचं ठिकाण नव्हे. हे म्हणाले, "अगं माणसांचं सोड, इंजनाचं बघ." खरंच, तिथं प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असायची. रात्री गाडी ड्राइव्हवेत उभी करायची आणि ती वायर विजेच्या प्लगला लावून ठेवायची. इंजनाच्या आत बारकी शेगडी असते, ब्लॉक हीटर म्हणतात, ती रात्रभर त्याला ऊब देते. वर्कशॉपच्या बाहेर, चर्चच्या बाहेर, माझ्या हॉस्पिटलच्या बाहेर प्लगच्या रांगा. म्हशी दाव्याला बांधाव्यात तशा गाड्या बांधलेल्या. मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला लागले होते. सकाळी ज्याची गाडी सुरू झाली नाही त्याचं तोंड सुतकी, आणि ज्याची झाली तो उगीचच सगळ्यांना गुड मॉर्निंग करत फिरणार.

मोठ्या गाड्यांचं ठीक होतं. गोची होती ती लहान इंजनाची. आमचं घर गावाबाहेर, वादळ आलं की वीज जायची. वीज गेली की घर तापवणाऱ्या फर्नेसचा पंखा बंद, आणि पंखा बंद झाला की घर बघता बघता गार पडतं, भिंतीतले नळ फुटतात. म्हणून जो तो घरी एक छोटा जनरेटर ठेवतो. ह्यांनी एक जुना जनरेटर आणून दुरुस्त केला. पेट्रोलवरचा, दोरी ओढून सुरू करायचा. त्याला आम्ही इंजनच म्हणायचो. पण ज्या दिवसासाठी आणला त्याच दिवशी तो सुरू होईना. ब्लॉक हीटर त्याला नाही, आणि वीजच गेलेली, हीटर असून तरी काय! दोरी ओढून ओढून तुटली. उद्यमनगरात रोज ढिगानं इंजनं सुरू करणारा माणूस बर्फात उभा राहून त्या डबड्याला अस्सल कोल्हापुरी शिव्या घालत होता. त्या शिव्यांनी सुद्धा ते तापलं नाही.

शेजारच्या शेतावरून ओल्गा आली. ओल्गा म्हणजे साठीची विधवा बाई, तिच्या घरचे लोक मूळचे युक्रेनचे. ती सरळ खाली बसली, इंजनातलं सगळं तेल एका डब्यात काढलं आणि डबा तिच्या घरी, लाकडं जाळायच्या शेगडीमागं नेऊन ठेवला. स्पार्क प्लग काढून ओव्हनमध्ये. इंजनावर जुनी रजई. तेल हाताला कोमट लागायला लागल्यावर आणून ओतलं, प्लग गरम गरम बसवला, आणि दुसऱ्याच हिसक्याला इंजन सुरू. मी टाळ्या वाजवल्या. ही तर आमची आत्तीच! मी ओल्गाला मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी गुऱ्हाळ सांगायला गेले, घमेलं, निखारे, पोती. तिला किती कळलं देव जाणे, पण ती हसत हसत मान डोलवत होती.

तेव्हापासून आमच्या घरात हे व्रत होऊन बसलं. इंजन बंद केलं की गरम आहे तोवर तेल डब्यात काढायचं, डबा फर्नेसपाशी ठेवायचा. हिवाळ्यात पातळ तेल वापरायचं. वीज असेल तोवर इंजनाखाली एक बल्ब पेटता ठेवायचा आणि वरून रजई, पण बल्बला टेकू द्यायची नाही. माझ्या स्वयंपाकघरात इंजनाच्या तेलाचा डबा आणि गोड्या तेलाचा डबा शेजारी शेजारी. एकदा मी चुकीचा डबा फोडणीला उचलला होता, हे ओरडले म्हणून वाचलो. "माझ्या इंजनाचं खाऊ नगंस, तुझं तू खा," असं म्हणून दिवसभर हसत होते.

माझ्या भावानं हातकणंगल्यात टेपरेकॉर्डर घेतला होता. तो एका सुटीत आत्तीकडं गेला आणि तिचा आवाज कॅसेटवर भरून आम्हाला पाठवला. आत्तीला वाटलं कॅनडा लांब आहे, म्हणून ती त्या यंत्रात बोंबलून बोलली होती. आम्ही ऐकायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला दचकलो. म्हशीचं वेत, गावातली लग्नं, गुळाचा भाव, सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणते, "बाळू, तुझं इंजन भाईर बर्फात ठेवतोस म्हणं. आरं त्येला आत घे की. म्हशीला आपण भाईर बांधत न्हाई, मग त्येलाच का? मुकं हाय म्हणून?" हे पोट धरून हसले. ती कॅसेट त्यांनी इतक्यांदा ऐकली की मला पाठ झाली. गाणी नकोत, बातम्या नकोत, जेवताना आत्ती लावायची. वर्कशॉपमधून येऊन बूट काढता काढता म्हणायचे, "लाव गं जरा आईला."

तिसरा हिवाळा. सकाळी मी हॉस्पिटलला गेले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. दुपार व्हायच्या आत ब्लिझर्ड आलं. ते बघितल्याशिवाय कळत नाही. समोरचा हात दिसत नाही, बर्फ वरून पडत नाही तर आडवा धावतो. रस्ते बंद झाले. वर्कशॉप लवकर बंद केलं म्हणून हे घरी पोचले होते आणि मी हॉस्पिटलात अडकले. वीज सगळीकडं गेली. हॉस्पिटलचा मोठा जनरेटर होता. घरी फक्त ह्यांचं इंजन.

दुपारी फोन आला. फोनच्या तारा तेवढ्या शाबूत होत्या. आवाज खुशीत. "सुरू झालं गं. तेल तापवून ओतलं. पण भाईर नेलं की गप बसतंय. दोनदा नेलं, दोनदा बंद पडलं. मग पोर्चमध्येच ठेवलंय." आमचा पोर्च म्हणजे स्वयंपाकघराला लागून लाकडी फळ्यांची बंदिस्त खोली, बूट आणि कोट काढायची. मी म्हटलं, धूर होत असेल. तर म्हणाले, "भाईरचं दार उघडं ठेवलंय की. आई सांगती त्येच खरं. मुक्याला भाईर ठेवलं की रुसतंय. तू ये सावकाश. घर गरम ठेवतो तुझ्यासाठी." मागून फट् फट् ऐकू येत होतं. मी म्हटलं बरं, काही खाऊन घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायला आली तेव्हा बर्फ काढायची गाडी रस्त्यानं गेली. तिच्या मागं, माझ्यासारखीच गावात अडकलेल्या ओल्गाच्या ट्रकमधून आम्ही दोघी घरी आलो. पोर्चच्या बाहेरच्या दारावर कमरेइतका बर्फ साठला होता. वाऱ्यानं दार आपटून बंद केलं होतं आणि बर्फानं ते बुजवून टाकलं होतं. फावड्यानं उकरून आत गेलो. इंजन बंद. पेट्रोल संपून बंद पडलेलं. हे शेजारी स्टुलावर बसलेले, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर ती जुनी रजई. चेहरा गुलाबी होता. असा गुलाबी, की जणू गुऱ्हाळातल्या चुलवाणापुढून नुकतेच उठून आलेत. मी मोठ्यानं हाक मारली, अहो, आले मी. ओल्गानं मला मागून मिठी मारून धरलं. तिनं माझ्या आधी ओळखलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला कितीतरी दिवस समजलं नाही. पेट्रोलच्या इंजनातून एक वायू निघतो, त्याला ना वास ना रंग. बंद जागेत तो साठला की माणसाला गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. चेहरा गुलाबी होतो तो त्यानंच. हे मास्तर असते, कारकून असते तर म्हणता आलं असतं की माहीत नव्हतं. हे तर इंजनवाले. त्यांना धूर माहीत होता. पण लहानपणापासून त्यांनी इंजन पाहिलं ते कौलाखाली, जिथं वाऱ्याला घरात यायला कुणाला विचारावं लागत नाही. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून फट न फट बुजवलेलं घर असतं, आणि ते काय करू शकतं, हे त्यांच्या हाडात नव्हतं. आणि दार त्यांनी उघडं ठेवलं होतं. हे मी अजून माणसांना सांगते, कुणी न विचारता.

रागाचं सांगते. दुःख मागून आलं, आधी राग आला. त्या इंजनावर, त्या वाऱ्यावर, त्या कॅसेटवर. मी कॅसेट टेपरेकॉर्डरमधून काढली, भिंतीवर फेकायला हात उचलला आणि खाली बसले. ती अजून माझ्याकडं आहे. परत लावायची हिंमत झाली नाही. पण ती लावावी लागतच नाही. बूट काढताना मला ते वाक्य ऐकू येतं, आत्तीच्या त्या बोंबलण्यात. आणि वादळ आलं, वीज गेली, सगळं घर चिडीचूप झालं, की पोर्चमधून फट् फट् येतं. ते माझ्या आताच्या इंजनाचं नसतं, माझं इंजन तर तेव्हा बंद असतं. मी ह्याला घाबरत नाही. पहिल्यांदा घाबरले, मग सवय झाली, आता तो आवाज थांबला की करमत नाही. डॉक्टरला सांगितलं तर गोळ्या देईल. म्हणून सांगत नाही.

घरी तार केली तीत दोनच शब्द होते, वादळात गेले. बाकी गावानं पुरं केलं. बर्फात अडकला, गारठून मेला, काकडून मेला. माझ्या भावानं मला कोल्हापूर स्टेशनवर घेतलं तेव्हा आधीच सांगितलं, "ताई, त्या म्हातारीनं वाकळ सोडलीय." तार आल्यापासून आत्ती रात्री अंगावर पांघरूण घेत नव्हती. वेदगंगेच्या काठाची थंडी, आणि ही सोप्यात नुसत्या जमिनीवर झोपायची. कुणी वाकळ घालायला गेलं की भिरकावून द्यायची. पोरगा गारठून गेला, मला कशाला ऊब, म्हणायची. म्हणजे मी खोटं तसंच राहू दिलं तर ती थंडीनं मरणार. आणि खरं सांगितलं तर इंजन आत का होतं, हे तिला सांगावं लागणार.

नदीवर अस्थी सोडून आलो. माणसं गेली. सोप्यात आत्ती, मी आणि म्हैस. आत्ती अर्धी झाली होती. बराच वेळ माझ्या हाताकडं बघत बसली, मग म्हणाली, "लई गार व्हतं म्हणं."

मी ठरवून गेले होते काही बोलायचं नाही. पण तिच्या पायांवर भेगा पडून रक्त साकळलं होतं, ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, "नाही आत्ती. गार नव्हतं. घर गरम होतं."

तिनं मान वर केली. "इंजन सुरू झाल्तं?"

"झालं होतं."

"गार लागलं नसंल मग त्येला."

"नाही आत्ती. अजिबात नाही."

मला वाटलं सुटले. पण ती इंजनावर जन्म काढलेली बाई. "मग गेला कशानं?" म्हणाली. आणि मी काही बोलायच्या आत, "इंजन कुठं व्हतं?"

मी सगळं सांगितलं. पोर्च, दार, वारा, बर्फ, तो बिनवासाचा धूर. फोनवर काय बोलले तेही. गाळायचं ठरवलेलं काही गाळता आलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. वर कौलांकडं एकदा बघितलं. मग अगदी हळू, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात, म्हणाली, "माझं ऐकलं व्हय त्यानं."

मी तिचा हात धरला.

"जलमल्यापास्नं माझं एक ऐकलं न्हाई गं. शाळंला जा म्हटलं तर नदीला जायचा. गावातली पोरगी कर म्हटलं तर तुला आणलं. एक ऐकलं न्हाई. मग ह्येच कसं ऐकलं?"

आणि ती रडली. स्टेशनात न रडलेली बाई अशी रडली, की म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली. मीही रडले. तिकडं मला रडता आलं नव्हतं, तिथल्या माणसांपुढं कसं रडायचं हेच मला कळत नव्हतं. संध्याकाळी मी वाकळ आणून तिच्या अंगावर टाकली, तिनं ती भिरकावली नाही.

मी तिथंच राहायचं ठरवलं होतं. भावानं हातकणंगल्याच्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. आत्ती महिनाभर त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. कामं करायची, म्हैस पिळायची, मला जेवायला वाढायची. आणि एक दिवस दारात तांदूळ निवडता निवडता एकदम म्हणाली, "तिथलं घर कसं ठिवून आलीस?"

"कुलूप लावून. नळातलं पाणी काढून टाकलंय, फर्नेस बंद केलीय."

"म्हंजे गार पडलं असंल."

"हो. गारच पडलं असेल."

तिनं सूप खाली ठेवलं. "पोरगं माझं घर तापवत बसल्तं, ते कुणासाठी?"

उत्तरही तिनंच दिलं.

"तुझ्यासाठी का न्हाई? मग ते गार टाकून आलीस कशी? जा माघारी. पेटव जाऊन." सूप परत उचललं, तांदळाकडं बघत राहिली. "आणि इंजन भाईर ठेव. मुकं हाय. सोसंल त्ये."

गेले मी माघारी. लोक म्हणाले, सासूनं सुनेला हाकललं. म्हणू देत. कोल्हापूर माझं आहे, वेदगंगेचा तो काठ माझा आहे, आत्ती जगली तोवर मी दर दोन वर्षांनी जाऊन तिच्या सोप्यात झोपून आले. पण घर कुठलं विचाराल, तर जे माझ्यासाठी कुणी तापवत बसलं होतं ते. ओल्गानं मला पोचवलं तेव्हा तिथं अजून बर्फ होता. मी कोट न काढता फर्नेस पेटवली आणि पोर्चमध्ये स्टुलावर जाऊन बसले. घर तापायला संध्याकाळ झाली.